बकथॉर्न: नुसती करवत पुरत नाही

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ॲन आर्बरमध्ये ह्युरॉन नदीच्या काठाने फिरून या. मेपल उघडे पडलेले, ओक तपकिरी झालेले. त्यांच्याखाली मात्र झुडपं अजून हिरवीगार. त्यांतली बरीचशी बकथॉर्नची. एकोणिसाव्या शतकात कुंपणासाठी युरोपातून आणलेलं हे झुडूप. पक्षी त्याची काळी फळं खातात आणि बिया रानभर पसरवतात. आपल्याकडची घाणेरी आठवा, तीही बागेतूनच रानात गेली.

या भागात पूर्वी विरळ ओक आणि मधे गवत असे. इथले मूळ रहिवासी लावत असलेल्या आगींमुळे ते रान मोकळं राही. आता बकथॉर्नच्या दाट सावलीत ओकची रोपं तग धरत नाहीत. म्हणजे म्हातारे ओक उभे आहेत, पण त्यांच्यामागे पुढची पिढीच नाही.

मग तोडून टाकू या की! पण नुसतं कापलं तर मुळांतल्या साठ्यावर नवे धुमारे फुटतात आणि एका खोडाची पाच होतात. म्हणून कापल्यावर काही मिनिटांतच खुंटावर ग्लायफोसेट लावतात. तेही सगळीकडे नाही, सालीच्या लगेच आतल्या कड्यावर. अन्न वाहून नेणाऱ्या जिवंत पेशी तिथेच असतात; मधल्या मृत लाकडावर लावलेलं औषध वाया जातं. शरद ऋतूत झाड साखर मुळांकडे पाठवत असतं, त्या प्रवाहाबरोबर औषधही खाली उतरतं. वसंतात रस वर चढतो, तेव्हा हा खटाटोप बहुधा फसतो.

ग्लायफोसेट वनस्पतींमधलं अमिनो आम्लं बनवणारं एक एन्झाइम बंद पाडतं. ते माणसात नाही. तरी निर्धास्त राहा असं मी म्हणणार नाही: 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला 'बहुधा कर्कजनक' ठरवलं, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेला ते मान्य नाही. माझ्या मते फवाऱ्याऐवजी ब्रश वापरण्याचं हे पुरेसं कारण आहे. हातमोजे घाला, आणि डब्यावरच्या सूचना पाळा. इथे तो कायदाच आहे.

शहराचा नैसर्गिक क्षेत्र विभाग याच्या जोडीला नियंत्रित आगही लावतो. तुमच्या परसात आग शक्य नाही, तेव्हा आधी फळं धरणारी मादी झाडं काढा. मातीतल्या बिया पुढची काही वर्षं उगवत राहतील. ती रोपं पावसानंतर, माती ओली असताना हातानेच उपटा.