पॅरिश कौन्सिलचा अध्यक्ष : अधिकार आणि मर्यादा

इंग्लंडमधील स्थानिक स्वराज्याची सर्वांत खालची पायरी म्हणजे पॅरिश कौन्सिल. 1894 च्या कायद्याने ती निर्माण झाली. तिचे सदस्य दरवर्षी आपल्यातूनच अध्यक्ष निवडतात. तो सभा चालवितो. समसमान मते पडल्यास निर्णायक मतही देतो. परंतु 1972 च्या कायद्यातील कलम 101 अन्वये कौन्सिलला आपले काम समितीकडे वा अधिकाऱ्याकडे सोपविता येते, एकट्या सदस्याकडे नव्हे. आणि अध्यक्ष हाही सदस्यच. सबब त्याने परस्पर एखाद्या कंत्राटदारास दिलेला होकार कौन्सिलचा निर्णय ठरत नाही.

गैरवर्तनाचा प्रश्न अधिक बिकट आहे. आपल्याकडे अविश्वास ठरावाने सरपंचास पद सोडावे लागते; तेथे असा ठराव संमत झाला तरी अध्यक्ष पदावर राहू शकतो. आचारसंहिताभंगाची तक्रार वरच्या कौन्सिलच्या देखरेख अधिकाऱ्याकडे जाते. 2011 च्या कायद्याने निलंबनाची शिक्षाही काढून टाकली. त्यामुळे तक्रार करणाऱ्या पगारी चिटणीसास त्याच व्यक्तीबरोबर काम करीत राहावे लागते, ही उणीव लहान नव्हे. लेडबरीच्या कौन्सिलने (नावाने नगर, दर्जाने पॅरिशच) कर्मचाऱ्यांच्या तक्रारीवरून एका सदस्येवर स्वतःच निर्बंध लादले. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने ते बेकायदेशीर ठरविले.