डोळ्यांचा कोरडेपणा : ओळख आणि उपचार

बेंगळुरूच्या आग्नेयेकडील बेळ्ळंदूर हे काही दशकांपूर्वीपर्यंत एका विस्तीर्ण तलावाच्या काठचे खेडे होते. आज तेथील बाह्य वर्तुळमार्गालगत संगणक-व्यवसायाच्या उंच इमारती उभ्या आहेत. महाराष्ट्रासह देशाच्या सर्व भागांतून आलेली माणसे त्यांत दिवसभर संगणकाच्या पडद्यासमोर काम करीत असतात. सायंकाळी डोळे चुरचुरू लागले म्हणजे दोष साहजिकच रस्त्यावरील धुळीला व धुराला दिला जातो. २०१५ आणि २०१७ साली प्रदूषित बेळ्ळंदूर तलावावर आगी लागल्या होत्या. तेव्हा तेथील हवेविषयी रहिवाशांच्या मनात शंका असावी हे नवल नव्हे. धुळीने व धुराने डोळ्यांना त्रास होतो, हे खरेच. परंतु या तक्रारीचे मूळ पुष्कळदा कचेरीच्या आतच सापडते.

डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा एक अत्यंत पातळ थर नेहमी पसरलेला असतो. अश्रुग्रंथींतून येणारे पाणी हा त्याचा मुख्य भाग होय. श्लेष्मल द्रव्यामुळे हे पाणी डोळ्याला धरून राहते, तर वरचा तेलकट पदर त्याची वाफ होऊ देत नाही. हे तेल पापण्यांच्या कडांमधील ग्रंथींतून पाझरते. हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर हा थर नव्याने पसरला जातो.

यावरून कोरडेपणाचे दोन मार्ग ध्यानात येतील. एक, पाणीच कमी निर्माण होणे. दुसरा, निर्माण झालेले पाणी लवकर उडून जाणे. पहिल्या प्रकारचे ठळक उदाहरण म्हणजे स्वीडिश नेत्रवैद्य हेन्रिक शेग्रेन याने १९३३ साली सविस्तर वर्णिलेला विकार. त्यात डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे पडते आणि पुष्कळदा सांधेही दुखतात. दुसरा प्रकार अधिक आढळतो. एरवी मिनिटाला सुमारे पंधरा वेळा मिटणारी पापणी पडद्याकडे एकाग्रतेने पाहताना फारच कमी वेळा मिटते आणि तीही अर्धवट. त्यात वातानुकूलन यंत्राच्या कोरड्या झोताची भर पडते. वाढते वय, स्त्रियांमधील रजोनिवृत्ती, स्पर्शभिंगांचा वापर आणि सर्दी-ॲलर्जीवरील काही औषधे हीदेखील कारणे होत.

लक्षणे साधी असल्यामुळेच फसवी असतात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते, आग होते, अक्षरे धूसर दिसतात आणि पापणी मिटताच पुन्हा स्पष्ट होतात. कित्येकांच्या डोळ्यांतून तर पाणी वाहते. ‘पाणी येते, मग डोळा कोरडा कसा?’ असा प्रश्न रुग्ण विचारतो. त्याचे उत्तर असे, की पृष्ठभाग कोरडा पडून टोचू लागला म्हणजे अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. ते गालावर ओघळून जाते, परंतु टिकाऊ थर काही तयार होत नाही.

निदानासाठी ओटो शिर्मर याने १९०३ साली सुचविलेली चाचणी अद्याप उपयोगात आहे. टिपकागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवितात. पाच मिनिटांत ती पाच मिलिमीटरही भिजली नाही, तर पाणी कमी असल्याचे समजतात. दुसऱ्या चाचणीत डोळ्यात रंगद्रव्य घालून अश्रूंचा थर किती वेळात फाटतो ते पाहतात. दहा सेकंदांच्या आत तो फाटणे हे अस्थैर्याचे चिन्ह होय. कोणत्याही एकाच चाचणीवर मात्र विसंबता येत नाही.

खरा धोका स्वतःच्या मनाने केलेल्या उपचारांत आहे. लाली घालविण्यासाठी औषधांच्या दुकानातून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असू शकते. त्याने तात्काळ आराम वाटतो. परंतु सल्ल्यावाचून महिनोन्‌महिने वापरल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि त्याने गेलेली दृष्टी परत येत नाही. डोळ्यात मध किंवा गुलाबपाणी घालणेही टाळावे. ती निर्जंतुक असतीलच असे नाही.

उपचारांचा आरंभ सवयींपासून करावा. पडदा नजरेच्या थोडा खाली ठेवावा, वातानुकूलनाचा झोत चेहऱ्यावर येऊ देऊ नये, दर वीस मिनिटांनी दूर पाहावे आणि पापण्या जाणीवपूर्वक पूर्ण मिटाव्यात. कोमट पाण्यात भिजविलेल्या स्वच्छ फडक्याने पाच-दहा मिनिटे शेक दिल्यास ग्रंथींतील घट्ट झालेले तेल सैल होते. त्यानंतर पापण्यांच्या कडा हळुवार पुसाव्यात. कृत्रिम अश्रूंचे थेंब उपयुक्त असतात. ते दिवसातून अनेकदा लागत असतील, तर परिरक्षक द्रव्य नसलेले निवडावेत, कारण त्या द्रव्यानेच पृष्ठभागाला इजा पोहोचू शकते. माशांच्या तेलाविषयी पुष्कळ आशा होती; परंतु २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत ते ऑलिव्ह तेलाहून सरस ठरले नाही. विकार तीव्र असल्यास नेत्रतज्ज्ञ सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात किंवा अश्रू वाहून नेणारी सूक्ष्म छिद्रे बुचाने बंद करतात.

तीव्र वेदना, उजेड सहन न होणे, घट्ट स्राव किंवा पापणी मिटूनही न जाणारी धूसरता यांपैकी काहीही आढळले, तर थेंब बदलून पाहण्यात वेळ न दवडता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. इतरांनीही चुरचुरणाऱ्या डोळ्यांत औषध घालण्यापूर्वी ते डोळे दिवसभर किती वेळा मिटले, याचा विचार प्रथम करावा.