पाहुण्यांचं नेट पाहुण्यांच्याच फोनवर

जुरोंग आयलंडवर काम करणाऱ्यांकडे गावाकडचे पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी विचारतातच, "तुझी कंपनी बघायला कधी नेतेस?" नेता येत नाही. सिंगापूरच्या नैऋत्येला सात लहान बेटांच्या मध्ये भराव टाकून हे एक मोठं बेट तयार केलं, आणि २००० साली त्याचं रीतसर उद्घाटन झालं. शंभराहून अधिक कंपन्या, रिफायनऱ्या, रसायनांचे कारखाने, तेलाच्या टाक्या, असा सगळा पसारा तिथे आहे. ऑक्टोबर २००१ पासून पास असल्याशिवाय त्या बेटावर पाऊल ठेवता येत नाही, आणि आत फोटो काढायला बंदी आहे.

पाहुण्यांना याहून महत्त्वाची एक गोष्ट ठाऊक नसते. प्लान्टमध्ये जिथे ज्वालाग्राही वाफ असू शकते, तिथे साधा मोबाईल नेता येत नाही. बॅटरीची एक ठिणगीही तिथे नको असते. आत लागतो तो त्यासाठी खास बनवलेला, प्रमाणित फोन. त्यामुळे मी शिफ्टवर असले की माझा फोन लॉकरमध्ये वाजत राहतो. बून ले, जुरोंग वेस्ट भागात राहणाऱ्या, बेटावर कामाला जाणाऱ्या मराठी इंजिनिअरांच्या घरी हेच चालतं. आणि आलेले आई-वडील, काका-काकू, सासू-सासरे नेमके आमच्याच भरवशावर घराबाहेर पडतात.

माझ्या काका-काकूंच्या बाबतीत जे झालं ते सांगते, कारण त्यांनी तयारी अगदी नीट केली होती. काकांनी मिरजेतूनच सिंगापूरचा रोमिंग पॅक मारून आणला होता. विमानतळावर उतरताच त्यांचं व्हॉट्सॲप सुरू झालं. काकूंचा फोन काकांच्या हॉटस्पॉटवर चालायचा. दोघं सदैव बरोबरच असणार, तर वेगळा खर्च कशाला, हा हिशोब कुणालाही पटेल असाच होता.

त्या दिवशी दोघं बून लेहून चायनीज गार्डनला निघाले. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, हिरव्या लाइनवर ते स्टेशन पूर्वेकडे आहे, आणि ज्या गाडीत ते बसले ती होती पश्चिमेची. परक्या शहरात असं कुणाचंही होतं. गाडी तुआस लिंकला, शेवटच्या स्टेशनवर थांबली. तो सिंगापूरचा पश्चिम टोकाचा भाग. सामुद्रधुनी ओलांडली की मलेशिया. तिथे काकांच्या फोनने पलीकडच्या टॉवरची रेंज धरली. पॅक फक्त सिंगापूरचा, म्हणून नेट बंद. काकांचं नेट बंद म्हणजे काकूंचंही बंद. नकाशा हलेना, टॅक्सीचं ॲप उघडेना, आणि माझा फोन लॉकरमध्ये. काकांना मधुमेह आहे, त्यांची जेवणाची वेळ टळून गेली होती. शेवटी स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांनी त्यांना परतीच्या गाडीत बसवून दिलं. मी संध्याकाळी लॉकर उघडला तेव्हा मिस्ड कॉलची रांग लागली होती, आणि ते घरी सुखरूप पोचल्याचं कळेपर्यंत माझे हातपाय गार पडले होते.

तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला मी निघण्याआधीच सांगते: प्रत्येकाच्या फोनवर स्वतःचं नेट हवं. नवऱ्याचं वेगळं, बायकोचं वेगळं. खर्च थोडा वाढतो, वाढू दे.

रोमिंग पॅक घ्यायचा असेल तर कंपनीला दोन गोष्टी विचारा. पॅक कोणत्या देशांत चालतो, आणि सिंगापूरमध्ये कोणत्या नेटवर्कवर चालतो. इथे सिंगटेल, स्टारहब, एम१ आणि सिम्बा अशी नेटवर्कं आहेत, आणि आपल्याकडचा पॅक त्यांपैकी ठरावीक नेटवर्कवरच लागू असू शकतो. उतरल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडणं बंद करून ते नेटवर्क हाताने निवडा. पश्चिमेला तुआसकडे मलेशियाची रेंज येते, दक्षिणेच्या बेटांकडे फेरीने गेलात तर इंडोनेशियाची येऊ शकते. एवढी एक सेटिंग केलेली असती तर काकांचा तो दिवस वाचला असता.

स्थानिक सिम मला जास्त पसंत आहे. चांगी विमानतळावर पर्यटकांसाठीची सिम मिळतात, शहरात सेव्हन-इलेव्हन आणि चीअर्सच्या दुकानांतही मिळतात. मूळ पासपोर्ट लागतो, झेरॉक्स चालत नाही. एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त तीनच प्रीपेड सिम घेता येतात. परत जाताना "पुढच्या महिन्यात येणाऱ्या मावशीला दे" म्हणून सिम ठेवून जाण्याची आपल्याकडे सवय आहे. ते करू नका. फसवणुकीसाठी सिम वापरली गेल्याने १ जानेवारी २०२५ पासून इथे सिमच्या गैरवापरावर कडक कायदा लागू आहे. तुमच्या पासपोर्टवरचं सिम तुमच्याबरोबरच परत जाऊ द्या.

फोन ई-सिमचा असेल तर आणखी सोपं. फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा. ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर ई-सिम चालतं. ते घरच्या वायफायवर, निघायच्या आधीच बसवून घ्या, कारण बसवायलाच नेट लागतं. क्यूआर कोड स्कॅन करायचा असतो, म्हणून तो दुसऱ्या फोनवर किंवा कागदावर हवा. प्रवासी ई-सिमला बहुधा फोन नंबर नसतो, नुसता डेटा असतो. टॅक्सीच्या ॲपमध्ये नोंदणी भारतातल्या नंबरवर घरूनच करून या.

भारतातलं सिम मात्र काढून पाकिटात ठेवू नका. त्याचा डेटा रोमिंग बंद ठेवा, पण सिम फोनमध्ये चालू असू द्या. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो, यूपीआयचं ॲप त्याच सिमला बांधलेलं असतं. आणि ओटीपी येण्यासाठी निदान इंटरनॅशनल रोमिंगची सेवा सुरू लागते. भारतात ती आपण मागितल्याशिवाय सुरू होत नाही. ती निघण्याआधी सुरू करून घ्या, परदेशातून कस्टमर केअरला फोन लावत बसण्यात फार त्रास होतो.

"तिकडे सगळीकडे फुकट वायफाय असतं ना?" असं हमखास विचारतात. असतं. वायरलेस ॲट एसजी ही सरकारी सेवा २००६ पासून आहे. मॉल, वाचनालयं, एमआरटी स्टेशनं, सगळीकडे आहे. पण लॉगिनसाठी ओटीपी येतो, तो फोन नंबरवर. रोमिंग बंद असलेल्या भारतीय नंबरवर तो कसा येणार? त्यातून रस्त्यावर, बसथांब्यावर, जिथे खरी गरज पडते तिथे वायफाय नसतं.

वडीलधाऱ्यांचे जुने फोन ही वेगळी चिंता. इथे २जी सेवा २०१७ मध्येच संपली आणि २०२४ मध्ये ३जीही बंद झाली. व्होल्टी, म्हणजे ४जीवरून कॉल करायची सोय, नसलेल्या फोनवरून साधा कॉलही लागत नाही, मग अँब्युलन्सचा ९९५ किंवा पोलिसांचा ९९९ लावायचा तर काय करणार? आजीचा बटणांचा फोन बरोबर घेणार असाल तर हे आधी तपासा. चार्जरचंही तसंच. इथल्या चौकोनी पिनांच्या सॉकेटमध्ये आपला चार्जर बसत नाही. ॲडॉप्टर आणि पॉवर बँक बरोबर हवीच.

नेट गेलंच तर? सिंगापुरात जवळजवळ प्रत्येक इमारतीला स्वतःचा सहा आकडी पोस्टल कोड असतो. माझ्या घराचा कोड मी आता कागदावर लिहून पाहुण्यांच्या पर्समध्ये, पाकिटात ठेवते. कुठल्याही टॅक्सीवाल्याला तो दाखवला की तो दारात आणून सोडतो. शहराचा नकाशा फोनवर ऑफलाइन उतरवून देते, एमआरटीचं कार्डही त्यांच्याकडे देते, म्हणजे गाडीत चढायला नेट लागत नाही.

यजमानांनाही एक सांगायचंय. आपण बेटावर असतो ते तास पाहुण्यांना स्पष्ट सांगा, आणि त्या वेळात फोन उचलेल असा एक शेजारी किंवा मित्र त्यांना जोडून द्या. माझ्या मजल्यावरच्या तमिळ ताईंचा नंबर आता काका-काकूंच्या फोनमध्ये माझ्या नावाच्या वर आहे. पुढच्या खेपेला ते चायनीज गार्डनला गेले तेव्हा काकूंनी तिथून व्हिडिओ कॉल लावला, तो ताईंना. मी शिफ्टवर होते.