एकाची तक्रार, पेठेचे निवेदन

निमोण्याचा माणूस बाजाराला शिरूरला जातो. कोणी खत-बियाणे आणतो. कोणी लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधतो. कोणी भाजीची पाटी विकायला नेतो. पेठेतली वाट धड असली, गटार वाहते असले, रात्री दिवे लागत असले, म्हणजे दुकानदाराचे भले होते. आपलेही होते. मग पेठेत काही बिघडले तर दाद कोणी मागायची? कशी मागायची? ते या पाठात पाहू.

गटार तुंबले

समजा, एका गावची पेठ आहे. तिथे ४० दुकाने आहेत. पेठेतले गटार तुंबले. घाण पाणी रस्त्यावर आले. गिऱ्हाईक नाकाला पदर लावून पुढे जाऊ लागले.

किराणावाले अण्णा नगरपरिषदेत गेले. कारकून म्हणाला, "पाहतो." चार दिवसांनी कापडवाले शेठ गेले. त्यांनाही तेच उत्तर मिळाले. पंधरा दिवस झाले. गटार होते तसेच राहिले.

एका संध्याकाळी सगळे शेठच्या ओट्यावर जमले.

अण्णा म्हणाले, "मी तीनदा जाऊन आलो. कुणी ऐकतच नाही."

सलूनवाले दादा म्हणाले, "अण्णा, आपण सगळेच गेलो, पण निरनिराळे गेलो. सांगितलं तोंडी. कचेरीत आपला कागद एकबी नाही. उद्या कुणी विचारलं, तर आपण गेलो होतो याला पुरावा काय?"

बोलणे सर्वांना पटले. त्यांनी पेठेची संघटना केली.

संघटना काम कसे करते?

व्यापारी संघटना म्हणजे दुकानदारांचे मंडळ. त्याला एक अध्यक्ष असतो, एक चिटणीस असतो, एक खजिनदार असतो. सभासद थोडी थोडी वर्गणी देतात. प्रत्येक पैशाची पावती फाडतात. सभेत ठरेल ते वहीत लिहितात. संस्थांच्या नोंदणीचा १८६० सालचा कायदा आहे. निदान ७ माणसे मिळून त्याखाली संस्था नोंदवता येते.

आपल्या पेठेने काय केले, ते क्रमाने पाहा.

१. सभा घेतली आणि ठराव लिहिला.
२. पाहणी केली. गटार कुठून कुठपर्यंत तुंबले, किती दिवस झाले, हे मोजून लिहिले.
३. काम कोणाचे, ते शोधले. शहरातले गटार नगरपरिषदेचे. गावातले ग्रामपंचायतीचे. विजेचे काम महावितरणचे. मोठा सरकारी रस्ता बहुधा सार्वजनिक बांधकाम खात्याचा. चुकीच्या दारी गेले की महिना फुकट जातो.
४. निवेदन लिहिले. निवेदन म्हणजे लेखी मागणी. ते असे होते:

प्रति, मुख्याधिकारी, नगरपरिषद.
विषय : पेठेतील तुंबलेले गटार साफ करण्याबाबत.
महोदय, आमच्या पेठेत ४० दुकाने आहेत. येथील गटार पंधरा दिवस तुंबले आहे. घाण पाणी रस्त्यावर येते. गटार आठ दिवसांत साफ करावे, ही विनंती. दुकानापुढचा कचरा गटारात पडू न देण्याची जबाबदारी आम्ही घेतो.
आपले नम्र, (सह्या)

शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. पेठेने नुसते मागितले नाही. आपल्या वाट्याचे कामही पत्करले. अशा कागदाला वजन येते.

५. पोच घेतली. पोच म्हणजे कागद मिळाल्याची खूण. आपल्या प्रतीवर कचेरीचा शिक्का, तारीख आणि सही घ्यावी.
६. पाठपुरावा केला. आठ दिवसांनी तीच प्रत घेऊन पाच जण साहेबांना भेटले.

एवढे करूनही उत्तर आले नाही तर? माहितीचा अधिकार कायदा २००५ साली झाला आहे. १० रुपये भरून अर्ज करावा. "आमच्या निवेदनावर काय केले?" असे विचारावे. ३० दिवसांच्या आत माहिती द्यावी, असा नियम आहे.

पुण्यात काय घडले?

मोठ्या शहरांतही संघटना असेच काम करतात. जकात तुम्हाला ठाऊक असेल. शहरात माल आणताना नाक्यावर जो कर घेत, ती जकात. १ एप्रिल २०१३ पासून पुण्यातली जकात गेली. तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. आता नाक्यावर थांबायचे नव्हते. पण दुकानदाराने आणलेल्या मालाचा हिशेब ठेवायचा आणि कर स्वतः भरायचा होता. व्यापारी म्हणाले, "हिशेबाचा ताप वाढेल. अधिकारी दुकानात येऊन त्रास देतील."

पुणे, मुंबई आणि इतर शहरांतले व्यापारी एक झाले. त्यांनी निवेदने दिली, मोर्चे काढले. २०१३ च्या उन्हाळ्यात कित्येक दिवस दुकाने बंद ठेवली. पुढे १ ऑगस्ट २०१५ पासून सरकारने बहुतेक व्यापाऱ्यांवरचा हा कर उठवला. वर्षाची उलाढाल ५० कोटी रुपयांहून कमी असलेल्यांना तो माफ झाला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि जुना कर पुरता गेला.

एकीत बळ आहे, हे यावरून दिसते. पण दुसरी बाजूही पाहा. दुकाने बंद असली की गिऱ्हाइकाचे हाल होतात. हातावर पोट असलेल्या नोकराची आणि हमालाची मजुरी बुडते. शिवाय शहराचे पाणी, दिवे, रस्ते करातूनच होतात. कर उठला, तेव्हा महापालिकांची तूट सरकारी तिजोरीतून भरावी लागली. ती तिजोरी तुमचीआमचीच आहे. म्हणून "हे नको" म्हणताना "मग पैसा कुठून यावा?" हेही संघटनेने सांगावे. आणि बंद हा शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे.

मावशीचे काय?

आपल्या पेठेकडे परत येऊ. गटार साफ झाले. मग पुढची सभा भरली. एक दुकानदार म्हणाला, "आता रस्त्यावरचे पाटीवाले उठवा, असा ठराव करू."

कोथिंबीरवाली मावशी ओट्याखाली उभी होती. ती म्हणाली, "शेठ, निवेदनावर माझा अंगठा घेतला होता. तवा मी पेठेतली होते. आज कशी परकी झाले? माझ्या कोथिंबिरीला आलेली बाई तुमच्याच दुकानात चढती न्हवं?"

सभा गप्प झाली. दादा म्हणाले, "मावशी खरं बोलतात."

पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली कायदा झाला आहे. शहरात त्यासाठी समिती असते. तिच्यात निदान १०० पैकी ४० जण विक्रेते असावे लागतात. त्या विक्रेत्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. व्यापारी संघटनेचे लोकही समितीत बसतात. ज्याला जागेचा दाखला मिळाला, त्याला ३० दिवसांची नोटीस दिल्यावाचून हलवता येत नाही. दोघांनी एका जागी बसून तोड काढावी, हाच यामागचा हेतू आहे.

पेठेने ठराव बदलला. पाटीवाल्यांना जागा आखून द्यावी आणि जायची वाट मोकळी ठेवावी, असे निवेदन गेले. त्यावर मावशीनेही सही केली. या वेळी अंगठा नव्हता.

आपल्या गावात

लहान गावातही किराणा दुकान असते, पिठाची गिरणी असते, शिंपी आणि पंक्चरवाला असतो. त्यांनाही वाट आणि दिवा लागतो. गावात त्यासाठी ग्रामसभा आहे. मतदार यादीत ज्याचे नाव आहे, तो प्रत्येक जण, बाई असो वा पुरुष, ग्रामसभेचा सभासद आहे. तिथे उभे राहून बोला. बोललेले वहीत लिहिले का, ते पाहा.

आणि एक गोष्ट विसरू नका. आता तुम्हाला वाचता येते. कोणी कागद पुढे केला, तर आधी वाचा. आपले नाव कशासाठी घेतात, ते समजून घ्या. मगच सही करा.

प्रश्न

१. तोंडी तक्रारीपेक्षा निवेदन बरे, ते का?
२. पोच म्हणजे काय?
३. मावशीचे म्हणणे तुम्हाला पटते का? कारण सांगा.
४. तुमच्या गावातली एक अडचण निवडा. तिच्यासाठी पाच ओळींचे निवेदन लिहा. त्यात तुमच्या वाट्याचे कामही लिहा.