बॅटरी आधी, फॉग लाइट नंतर

प्रश्न : माझ्या डॉमिनार ४००ची बॅटरी चार वर्षांची झाली. सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो. लिथियम बॅटरी घ्यावी का? पावसाळ्यात कुंभार्ली घाटातून चिपळूणला जातो, म्हणून फॉग लाइटही लावायचे आहेत.
– एक वाचक, कराड

उत्तर : आधी टर्मिनल घट्ट आहेत का ते बघा. मग रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. पण स्टार्टर दाबताच काटा ९-१० व्होल्टखाली कोसळला, तर बॅटरी संपली समजा. इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट मिळायला हवेत. तेवढे येत नसतील तर दोष चार्जिंगचा. नवी बॅटरीही तशीच मरेल.

लिथियम बॅटरी वजनाला हलकी, पण किंमत कितीतरी जास्त आणि चार्जरही वेगळा लागतो. तुमच्या वापराला मी ती सुचवणार नाही. जुन्या बॅटरीवर छापलेल्या अँपिअर-अवरचीच सीलबंद लेड-ॲसिड (व्हीआरएलए) बॅटरी घ्या. मापं आणि प्लस-मायनसची बाजू जुळवून, उत्पादनाची तारीख वाचून. दुकानात धूळ खात पडलेली नको.

फॉग लाइटची जोडी ४० वॉटची धरली, तर सव्वातीन अँपिअर करंट खाते. रिले आणि फ्यूज हवाच, आणि रिलेला इग्निशन चालू झाल्यावरच करंट मिळू दे. हेडलाइटची वायर सोलून जोड देणारा मेकॅनिक कितीही ओळखीचा असो, त्याला हात लावू देऊ नका! दिवे खाली बसवा, तोंड किंचित रस्त्याकडे.