फोन नंबर पाठ करण्याआधी तो वाचायला शिकवूया



सहावी-सातवीच्या वर्गात एकदा विचारून बघा, "घरातल्या कोणाचा फोन नंबर तुला तोंडपाठ आहे?" बरीच मुलं गप्प बसतात. "मोबाईलमध्ये सेव्ह आहे ना," असं उत्तर येतं. पण जत्रेत किंवा एसटी स्टँडवर मूल चुकलं, तर तो मोबाईल आईच्या पर्समध्ये असतो, मुलाजवळ नसतो. दुसरीकडे, मोठी शिकलेली माणसंही अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनला फसून पैसे गमावतात. दोन्हींचं मूळ एकच आहे. फोन नंबर म्हणजे कसेही मांडलेले दहा अंक, असं आपण समजतो. खरं तर त्याला रचना आहे आणि ती मुलांना सहज समजते. गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र या तिन्ही तासांना हा पाठ घेता येतो.

नंबर डावीकडून वाचायचा

पत्त्यात आधी घर, मग गल्ली, गाव, जिल्हा असं आपण लिहितो. फोन नंबरचं उलट आहे: आधी मोठा भाग, मग त्यातला लहान, शेवटी एकच जोडणी. डावीकडचा प्रत्येक अंक बाकीचे रस्ते बंद करत जातो.

लँडलाईनवर आपण एकेक अंक दाबतो आणि एक्स्चेंज तो तसाच ऐकतं. "नंबर संपला" हे सांगणारं हिरवं बटण तिथे नसतं. त्यामुळे एक साधा नियम पाळावाच लागतो. कोणताही पूर्ण नंबर दुसऱ्या एखाद्या नंबरची सुरुवात असता कामा नये. समजा कोणाच्या घरचा नंबर ११२ ने सुरू झाला असता, तर पहिले तीन अंक दाबताच फोन आपत्कालीन मदतीला लागला असता! म्हणून घरगुती नंबर १ ने सुरू होत नाहीत; १ खास सेवांसाठी राखलेला आहे. तसाच ० राखलेला आहे, "गावाबाहेर जायचंय" हे सांगण्यासाठी. दोन शून्यं म्हणजे देशाबाहेर. मोबाईलवर दोन शून्यांच्या जागी आपण + टाकतो.

९१ कुठून आला?

देशांचे कोड संयुक्त राष्ट्रांशी संलग्न असलेली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना ठरवते. जगाचे भाग पाडून प्रत्येक भागाला पहिला अंक दिलेला आहे. उत्तर अमेरिकेला १, आफ्रिकेला प्रामुख्याने २, युरोपला ३ आणि ४, दक्षिण अमेरिकेला ५. आपल्या बाजूला ९ आला. भारत ९१, पाकिस्तान ९२, अफगाणिस्तान ९३, श्रीलंका ९४, म्यानमार ९५. नेपाळचा कोड तीन अंकी आहे, ९७७. बांगलादेश मात्र ८८०.

वरचा नियम इथेही लागू होतो. ९१ भारताला दिल्यावर ९११, ९१२ असे कोड दुसऱ्या कोणत्याही देशाला देता येत नाहीत. देशाच्या कोडसह पूर्ण नंबर १५ अंकांपेक्षा मोठा नसावा, असंही ठरलेलं आहे. आपला ९१ आणि पुढचे १० मिळून १२ होतात.

एसटीडी कोडचं दहाचं गणित

पूर्वी परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी लागे. ग्राहकाने स्वतः परगावचा नंबर फिरवण्याची सोय, म्हणजे एसटीडी, भारतात १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यात सुरू झाली. त्यासाठी प्रत्येक भागाला कोड लागला.

फळ्यावर हे लिहा. सुरुवातीचं ० कोडमध्ये मोजायचं नाही:

मुंबई २२, पुढे ८ अंकी नंबर
नाशिक २५३, पुढे ७ अंकी नंबर
सातारा २१६२, पुढे ६ अंकी नंबर

मुलांना बेरीज करायला सांगा. प्रत्येक वेळी १० येतात. शहर मोठं तर कोड छोटा, कारण ग्राहकांसाठी जास्त घरं मोकळी ठेवायची असतात. दोन अंकी कोड देशात आठच शहरांना आहेत: दिल्ली ११, मुंबई २२, कोलकाता ३३, चेन्नई ४४, पुणे २०, हैदराबाद ४०, अहमदाबाद ७९ आणि बंगळूरु ८०.

आठच का? कारण दोन अंकी कोड फार महाग पडतो. २२ मुंबईला दिला की २२० ते २२९ हे दहा तीन अंकी कोड गेले, किंवा २२०० ते २२९९ हे शंभर चार अंकी कोड गेले. एका शहराची सोय करताना शंभर गावांची जागा खर्च होते. हे समजलं की मुलांना "स्थानिक किंमत" ही कल्पना वेगळ्या अंगाने कळते.

घरातल्या जुन्या डायरीत मुंबईचा सात अंकी नंबर सापडला, तर तोही वर्गात आणा. २००२ च्या सुमारास जुन्या लँडलाईन नंबरांमागे २ लावून एक अंक वाढवला गेला. ७ घरांत जास्तीत जास्त १ कोटी जुळण्या होतात, ८ घरांत १० कोटी. एक अंक वाढला की क्षमता दहापट होते.

नंबर आणि नकाशा

महाराष्ट्राचा नकाशा घेऊन त्यावर कोडचा पहिला अंक लिहायला सांगा. कोल्हापूर २३१, सोलापूर २१७, रत्नागिरी २३५२, जळगाव २५७, नांदेड २४६२. सगळीकडे २. आता विदर्भात जा. नागपूर ७१२, अमरावती ७२१, अकोला ७२४, चंद्रपूर ७१७२. इथे ७! हाच ७ पुढे मध्य प्रदेशात भोपाळला (७५५) आणि छत्तीसगडमध्ये रायपूरला (७७१) भेटतो. इकडचा २ गुजरातेत सुरतला (२६१) दिसतो.

आता गोव्याकडे पाहा. गोव्याचा कोड ८३२ आणि शेजारच्या बेळगावचा ८३१. म्हणजे फोनच्या हिशेबात गोवा कर्नाटकाच्या बाजूला. पण १९७२ मध्ये सुरू झालेल्या पिन कोडमध्ये गोव्याचा पहिला अंक ४ आहे, महाराष्ट्राचा. बेळगावचा पिन मात्र ५ ने सुरू होतो. गाव तेच, पण टपाल खात्याची विभागणी वेगळी आणि टेलिफोनची वेगळी. राज्याची सीमा ही नकाशावरची एकमेव रेघ नसते, हे यावरून छान सांगता येतं.

मोबाईलला गाव नाही

भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. सुरुवातीला मोबाईल नंबर ९ ने सुरू होत. मागणी वाढली तशी ८, मग ७ आणि ६ ची मालिका उघडली. मुलांना गणित द्या: पहिल्या घरात चारच पर्याय, उरलेल्या नऊ घरांत प्रत्येकी दहा, तर जास्तीत जास्त किती नंबर होतील? उत्तर आहे ४०० कोटी.

पूर्वी मोबाईलच्या पहिल्या चार-पाच अंकांवरून कंपनी आणि विभाग ओळखता यायचा. २०११ मध्ये तोच नंबर ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली, आणि २०१५ पासून दुसऱ्या राज्यातही तोच नंबर नेता येतो. त्यामुळे नंबर पाहून "हा पुण्याचाच" असं आता खात्रीने म्हणता येत नाही.

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईल लावताना आधी ० लावावा लागतो. अनेकांना ही कटकट वाटली. पण कारण आपण वर पाहिलं तेच आहे. शून्यामुळे एक्स्चेंजला पहिल्याच अंकाला कळतं की हा गावातला नंबर नव्हे. दोघांची टक्कर टळते आणि पुढे मोबाईलसाठी नव्या मालिका मोकळ्या करता येतात.

लहान नंबर पाठच हवेत

१ ने सुरू होणारे हे नंबर वर्गाच्या भिंतीवर असावेत:

११२ – पोलीस, अग्निशमन, वैद्यकीय मदत, सगळ्यासाठी एकच
१०८ – रुग्णवाहिका
१०९८ – मुलांसाठी मदत
१८१ – महिलांसाठी मदत
१९३० – ऑनलाईन आर्थिक फसवणूक

१०९८ ची सुरुवात १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून झाली. तो "दहा, नऊ, आठ" असा उलटा मोजत म्हणायचा. पहिलीतलं मूलही विसरत नाही. मोबाईलला लॉक असलं तरी आपत्कालीन बटणातून ११२ लावता येतो, हेही मुलांना दाखवा. फक्त प्रत्यक्ष फोन लावून बघायचा नाही, हे बजावून सांगा.

आणखी दोन सुरुवाती पालकांनी लक्षात ठेवाव्यात. १४० म्हणजे जाहिरातीचा फोन. १६०० ही मालिका बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालयांच्या सेवेच्या फोनसाठी आहे. म्हणून साध्या दहा अंकी मोबाईलवरून "मी बँकेतून बोलतोय" असं कोणी म्हणालं, तर तिथेच शंका घ्या. सुरुवातीला + आणि ९१ सोडून दुसरा कोड दिसला आणि परदेशात आपलं कोणी नसेल, तर उचलायची घाई नको.

पण हेही सांगायला हवं की पडद्यावर दिसणारा नंबर बनावट असू शकतो. नंबर वाचता येणं म्हणजे पहिली चाळणी, शेवटची नव्हे. नंबर कोणताही दिसो, ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० लावायचा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

पाठ कसा करून घ्यावा?

मोठी माणसं "अठ्ठ्याण्णव, एकोणसाठ" अशा जोड्या करून नंबर सांगतात. आजच्या मुलांचा एकोणसाठ आणि एकोणसत्तर यात गोंधळ होतो. म्हणून सुरुवातीला एकेक अंक म्हणू द्या आणि दहा अंकांचे ३, ३, ४ असे तुकडे पाडा. आठवडाभर रोज हजेरीच्या वेळी पाच मुलांनी पालकांचा नंबर न बघता कागदावर लिहायचा. मोठ्याने म्हणायचा नाही, कारण नंबर ही खासगी माहिती आहे, हाही धड्याचाच भाग. शिक्षकांनी कागद तपासून लगेच फाडून टाकावा. आई आणि बाबा असे दोन नंबर झाले की तिसरा शेजारच्या काकूंचा किंवा आजोबांचा घ्यावा, कारण घरचे दोन्ही फोन नेमके तेव्हाच बंद असू शकतात.