उड्या मोजायचं गणित

"सर, हिला संभाव्यताच शिकायचीय म्हणे. पण त्यात स्कोप काय?" निकालानंतर हा प्रश्न ठरलेला. बाबा विचारतात, मुलगी खिडकीबाहेर बघत बसते.

मी त्यांना दवाखान्यात नेतो, मनानेच. ओपीडीत तासाला सरासरी २० पेशंट येतात. आकडा हळूहळू चढत नाही. एकेक पेशंट आला की एकाची उडी. दोन तासांत ४० अपेक्षित, आले ४६. आलेले वजा अपेक्षित, म्हणजे ६. आपण धरलेला वेग बरोबर असेल, तर आतापर्यंतची सगळी नोंद हाताशी असूनही हा फरक यापुढे वाढेल की घटेल, यावर पैज लावून सरासरीत फायदा होत नाही. अशा राशीला मार्टिंगेल म्हणतात. शब्द जुगाऱ्यांकडून आलाय, पण बाबांना ते लगेच सांगू नये.

पेशंट आपापले, स्वतंत्रपणे येत असतील, तर ४० मागे सहा-सात इकडेतिकडे व्हायचेच. फरक २० वर गेला, की वेगच बदलला असावा, कदाचित साथ आली असेल. हे ओळखणं म्हणजे डिटेक्शन. दुसरी खिडकी कधी उघडायची हे ठरवणं म्हणजे कंट्रोल. प्रकाशसंवेदकावर पडणारे फोटॉन, नेटवर्कमधली पॅकेट्स, विम्याचे दावे, सगळीकडे हाच हिशोब.

तो काटेकोर मांडणाऱ्यांत एक आपल्या मुंबईचे होते. १९४० साली जन्मलेले प्रवीण वरैया माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये शिकले आणि बर्कलीला गेले. तिथे बोएल आणि वाँग यांच्यासोबत उड्या मारणाऱ्या प्रक्रियांच्या मार्टिंगेलवर त्यांनी १९७५ साली दोन भागांत शोधनिबंध लिहिला. दुसरा भाग उपयोजनांचा. पुढे ते वाहतुकीकडे वळले. चौकातल्या रांगांची लांबी पाहून कुठला सिग्नल हिरवा करायचा, यावर २०१३ सालीही ते लिहीत होते.

उड्यांच्या या गणिताच्या नावाची डिग्री शोधू नका, मिळणार नाही. गणित किंवा संख्याशास्त्रात बीएस्सी करून एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्या. इंजिनिअरिंगच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी गेट आहे, आयआयटी मुंबईत सिस्टिम्स अँड कंट्रोलचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचं बी.स्टॅट. बारावीनंतर लगेच. खरी चाळण मात्र संभाव्यतेचा पाया असलेल्या मेझर थिअरीची. तिथे हुशार मुलंही पहिले काही महिने चाचपडतात, आणि नेमकं तेव्हाच घरून फोन येतो, "क्लास लावू का?" लावू नका.

पॅकेजचा आकडा मी देत नाही. बँकांचे जोखीम विभाग, विमा, दूरसंचार, संशोधन; या साऱ्यांचा एकच आकडा कसा काढणार?

त्याऐवजी मी मुलीला सुट्टीचं काम दिलं: तासभर बसस्टॉपवर बसायचं, प्रत्येक बसची वेळ मिनिट-सेकंदासह वहीत टिपायची आणि घरी येऊन आलेख काढायचा. बाबांनी विचारलं, "मी सोबत गेलो तर चालेल?"

म्हटलं, चालेल, पण वही तिच्याच हातात राहू द्या.